खुल्या शिक्षणाच्या पुढच्या आराखड्यात आपल्या गावांचं म्हणणं जावं म्हणून मदतीचं आवाहन

सप्रेम नमस्कार.

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात, आमच्या वाचनालयात एक छोटा संगणक आहे. टॉवर गेला तरी त्याच्या वायफायवर पोरं मोबाइलवर मराठी विकिपीडिया उघडतात. विकिपीडिया आधीच उतरवून नेटशिवाय वाचू देणाऱ्या किविक्स या मोफत सॉफ्टवेअरमुळे हे जमतं. २००७ मध्ये सुरू झालेलं ते काम आजही बरंचसं स्वयंसेवकांच्या जोरावर चालतं. विकिपीडियावरचे लेख लिहिणारे आणि तपासणारेही जवळपास सगळे बिनपगारी.

याच स्वयंसेवकांच्या विकिमीडिया चळवळीने जगभर चर्चा करून २०१७ मध्ये २०३० पर्यंतची दिशा ठरवली आणि २०२० मध्ये दहा शिफारशी मांडल्या. मधे २०१९ मध्ये युनेस्कोने खुल्या, म्हणजे कोणालाही मोफत वापरता आणि बदलता येणाऱ्या शैक्षणिक साहित्याविषयीची शिफारस मंजूर केली. स्थानिक आणि आदिवासी भाषांतल्या साहित्याचा उल्लेख तिच्यात आहे. २०३० आता दूर नाही. पुढचं नियोजन होईल तेव्हा ज्याच्याकडे इंग्रजी आणि नेट, त्याचंच म्हणणं नोंदलं जाईल अशी आम्हाला भीती वाटते. म्हणून आपलं म्हणणं आपणच गोंडीत आणि मराठीत लिहून तयार ठेवायचं, असं समितीने ठरवलं आहे.

२०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांहून जास्त नोंदले गेले. तरी पहिलीतलं पोर घरी गोंडी बोलतं आणि शाळेत मराठी पुस्तक उघडतं. त्याच्यासाठी गोंडीत गोष्टी, गणितं, पिकांची माहिती खुली व्हावी, यावर गावात कोणाचं दुमत नाही.

अडचण पुढे आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना म्हणजे आपलं साहित्य इतरांनी वापरायला दिलेली लेखी मुभा. ती एकदा दिली की दिलेल्या प्रतींपुरती परत घेता येत नाही. विकिपीडियाच्या अशाच परवान्याखालचा मजकूर कोणीही विकू शकतो. श्रेय द्यायचं आणि बदल केले तर तेही त्याच अटीवर खुले ठेवायचे, एवढंच बंधन. धड्यांसाठी हे उत्तमच. पण जंगलातली औषधं, पेनाची (गोंडी देवाची) गाणी, पुजाऱ्याकडची माहिती? एखाद्या उत्साही तरुणाने मोबाइलवर रेकॉर्ड करून टाकली, तर ती कुणाच्या परवानगीने टाकली? आमच्या मते ‘सगळं ज्ञान खुलं’ ही घोषणा इथे अपुरी पडते. काय द्यायचं आणि काय राखायचं, हे ग्रामसभेने ठरवावं आणि जागतिक आराखड्यात तशी सोय असावी, हीच आपली मुख्य मागणी राहील. याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात अभ्यासगटात आधी चर्चा होते आणि निर्णय सर्वसहमतीने होतात. मसुदाही आपण त्याच रीतीने करू. वेळ लागेल, लागू द्या.

धानाचे पुंजणे पडले की गावोगावच्या बैठका सुरू करायच्या आहेत. आधी कोणाला सवड नसते आणि मोहफुलं लागली की पुन्हा नसते.

सगळ्यात जास्त गरज माणसांची आहे. गोंडी आणि मराठी दोन्ही नीट येणारे आठ-दहा जण हवेत. शिक्षक, आशाताई, कॉलेजची मुलं, कोणीही चालेल. मसुदा इंग्रजीत नेणारे एक-दोघे हवेत. ते नागपूर-पुण्यात बसूनही करता येईल. परवान्याच्या अटी सोप्या भाषेत समजावणारा वकील मिळाला तर फार बरं.

वापरात नसलेला पण चालू लॅपटॉप, मेमरी कार्डं, आवाज टिपायचं यंत्र द्या. बंद पडलेली यंत्रं मात्र कृपया पाठवू नका, आमच्याकडे ती पुरेशी आहेत! बैठकांच्या जेवणासाठी तांदूळ, डाळ, तेल चालेल. रोख वर्गणी बाहेरगावच्यांच्या एसटी भाड्यासाठी आणि झेरॉक्ससाठी वापरू. पावती घेतल्याशिवाय कोणालाही पैसे देऊ नका. हिशेब फलकावर लागेल.

तयार होणारा मसुदा आधी प्रत्येक गावात वाचून दाखवू. ग्रामसभेने नको म्हटलेला भाग पुढे जाणार नाही. नाव नोंदवायला संध्याकाळी वाचनालयात या. यायला जमत नसेल तर गावातल्या शिक्षकांकडे निरोप ठेवा.

आपली,
वाचनालय समिती