मुलांच्या प्रश्नांना श्रद्धेचे शत्रू मानू नका

संपादक महाशय,

सप्रेम नमस्कार. आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांच्या सदरात श्रद्धा आणि शंका या विषयावर गेले काही दिवस जी पत्रे येत आहेत, ती मी लक्षपूर्वक वाचत आहे. धर्माच्या बाबतीत एकदा प्रश्न विचारायला सुरुवात झाली की श्रद्धा ढासळते, म्हणून लहानपणीच मुलांना 'असे विचारू नये' अशी शिस्त लावावी, असे मत त्यांतील एका पत्रलेखकांनी मांडले आहे. त्यांच्या तळमळीविषयी मला आदर आहे, पण त्यांचा सल्ला मला घातक वाटतो आणि तो का वाटतो हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझी तेरा वर्षांची नात उन्हाळ्याच्या सुट्टीत एका संस्कारवर्गाला जात होती. 'देवी सगळीकडे आहे, तर तिला भेटायला आपण रांगेत तीन-तीन तास का उभे राहतो?' असे तिने तिथे एकदा विचारले. वर्ग घेणाऱ्या बाईंनी सगळ्या मुलांदेखत सांगितले, की असल्या शंका काढणारी मुले पुढे नास्तिक होतात. पोरगी घरी आली ती गप्पच. रात्री शुभंकरोतीला बसली नाही, आणि मी विचारले तेव्हा म्हणाली, 'आजी, मला आता म्हणायची भीती वाटते.' प्रश्न विचारताना तिची श्रद्धा शाबूत होती. उत्तराऐवजी दटावणी मिळाली तेव्हा ती हलली. ही गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडली आहे.

मी स्वतः या वाटेने गेले आहे. आषाढात पंचगंगेचे नवे पाणी कलशात भरून वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर न्यायचे आणि देवीला वाहायचे, ही आपल्या कोल्हापूरच्या पेठांची जुनी रीत. लग्न होऊन या गावात आल्यापासून मी ती चुकवलेली नव्हती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याच पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळची ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. शिरोलीजवळ महामार्ग बुडाला. नदीकाठच्या गावात राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीचे घर पाण्यात गेले आणि तिच्या गोठ्यातल्या दोन म्हशी दावणीलाच मेल्या. घटाला माळ चढवल्याशिवाय नवरात्रात पाण्याचा घोट न घेणारी ही बाई. पाणी उतरल्यावर भेटायला आलेल्या एका नातलगांनी तिला ऐकवले, 'घरात काहीतरी चुकले असणार, त्याशिवाय देवी इतकी कोपत नाही.' आणि ती बिचारी चिखलाने भरलेल्या सोप्यात बसून आपले कुठे काय चुकले ते आठवू लागली.

त्या दिवशी माझ्या मनात जो प्रश्न उठला तो सभ्य भाषेत लिहिण्यासारखा नव्हता. पुढचे जवळजवळ सहा महिने मी देवळाची पायरी चढले नाही. या काळात मी पुराविषयी मिळेल ते वाचले: घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस, राधानगरी धरणाचे उघडलेले स्वयंचलित दरवाजे, पूररेषेच्या आत उभ्या राहिलेल्या इमारती, नदीच्या पाण्याला पसरायला जागा न ठेवणारे भराव. हे सगळे समजल्यावर माझ्या मनातली एक देवी नाहीशी झाली. कुणाचा उपास मोडला म्हणून म्हशी बुडवणारी ती देवी होती, आणि ती गेली याचे मला आजही दुःख नाही. बहिणीलाही मी हे सगळे समजावून सांगितले, तेव्हा ती कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा मोकळेपणी रडली. देव्हाऱ्यासमोर बसल्यावर मला जे वाटते ते मात्र या चौकशीत कुठेच हरवले नाही. फक्त त्यातला धाक निघून गेला.

पुन्हा देवळात गेले ती किरणोत्सवाच्या गर्दीतून. आपले अंबाबाईचे देऊळ पश्चिमाभिमुख आहे, आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी व ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीचे किरण महाद्वारातून आत शिरून पहिल्या दिवशी देवीच्या चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी मूर्तीच्या मध्यापर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचतात, हे प्रत्येक कोल्हापूरकराला ठाऊक आहे. पण बाकीचे बहुतेक सण तिथीने होतात आणि हा तारखेने का, हा प्रश्न मला वयाच्या पन्नाशीपर्यंत पडला नव्हता, याची खंत वाटते. उत्तर साधे आहे. सूर्य दक्षिणेकडे सरकताना नोव्हेंबरात क्षितिजावर ज्या जागी मावळतो, जवळजवळ त्याच जागी तो उत्तरेकडे परतताना जानेवारीच्या अखेरीस मावळतो, आणि २२ डिसेंबरच्या आसपासचा सर्वांत लहान दिवस या दोन्हींपासून सुमारे सहा-सहा आठवड्यांवर असतो. चंद्राच्या तिथी दरवर्षी मागेपुढे होतात, सूर्याचे हे गणित मागेपुढे होत नाही. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी क्षितिजाकडे वर्षानुवर्षे पाहत राहिले असेल, दगड बसवण्याआधी हजार शंका काढल्या असतील, तेव्हा कुठे हा सोहळा आपल्या वाट्याला आला. हे कळल्यानंतर त्या संध्याकाळी माझे हात आपोआप जोडले गेले, आणि आधी कधी जोडले गेले नव्हते इतक्या मनापासून.

काही वर्षी ढगांमुळे किंवा हवेतल्या धुरळ्यामुळे किरण मुखापर्यंत पोहोचत नाहीत, आणि महाद्वार रोडच्या बाजूच्या वाढीव बांधकामांचाही अडथळा होतो. देवीची इच्छा नाही असे म्हणून सगळे गप्प बसले असते, तर किरणांच्या वाटेतले अडथळे कुणी मोजले नसते आणि त्यांतले काही हटवलेही गेले नसते. शंका काढणाऱ्यांनी देवीची सेवाच केली.

हे गाव प्रश्न विचारणाऱ्यांचे आहे, याचा आपल्याला विसर पडू नये. राजर्षी शाहू महाराजांसाठी वेदोक्त, म्हणजे वेदांतले, मंत्र का म्हटले जात नाहीत, हा प्रश्न याच पंचगंगेच्या काठी उभा राहिला आणि पुढे कित्येक वर्षे धुमसत राहिला. त्या प्रश्नापायी महाराजांनी धर्माकडे पाठ फिरवली नाही. १९११ साली कोल्हापुरात सत्यशोधक समाज उभा राहिला त्याला त्यांचे बळ होते, आणि १९२० साली त्यांनी क्षात्रजगद्गुरूंची, म्हणजे मराठ्यांच्या स्वतंत्र धर्मगुरूंची, नेमणूक केली. धर्म नको असता तर त्यात इतकी शक्ती त्यांनी कशाला घातली असती? ज्या महात्मा फुल्यांनी सत्यशोधक समाज १८७३ साली स्थापन केला, त्यांचे नाव आपल्या वाडी रत्नागिरीच्या जोतिबाचे, आणि त्यांनीही सृष्टीच्या कर्त्याला नाकारले नाही, तर 'निर्मिक' म्हटले. आपल्या वारकऱ्यांनी तर विठ्ठलाशी उघड भांडणे केली आहेत. आणि याच गावात १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी फिरायला गेलेल्या साम्यवादी नेते कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, २० तारखेला त्यांचे निधन झाले. त्यांची सगळीच मते मला पटत होती असे नाही. पण प्रश्न विचारणारा माणूस या शहरात निर्धास्तपणे फिरू शकत नसेल, तर त्याची पहिली लाज आम्हा भाविकांना वाटली पाहिजे.

पत्रलेखकांची एक गोष्ट मला मान्य केली पाहिजे. प्रश्नांनी श्रद्धा नेहमी वाढतेच असा माझा दावा नाही. माझे थोरले दीर कॉलेजात असताना विचार करता करता देवापासून दूर गेले ते परत आले नाहीत. सासूबाईंना त्याचे फार वाईट वाटे, आणि अष्टमीच्या पालखीला सगळे घर निघाले की दिरांची रिकामी जागा मलाही जाणवते. परंतु त्यांच्यावर जबरदस्ती केली असती तर ते आमच्याबरोबर आले असते आणि हात जोडून उभे राहिले असते, एवढेच. तशी हजेरी देवीला हवी असेल असे मला वाटत नाही.

संस्कारवर्ग चालवणाऱ्या सर्वांना माझी हात जोडून विनंती आहे, की मुलाने शंका काढली आणि उत्तर ठाऊक नसेल, तर 'मला माहीत नाही, आपण शोधू' एवढे तरी म्हणावे. नातीच्या त्या रांगेच्या प्रश्नाला मी पुरते उत्तर देऊ शकलेले नाही. येत्या ९ नोव्हेंबरला आम्ही दोघी महाद्वारातून आत जाणार आहोत. किरण किती वाजता कुठवर आले ते टिपण्यासाठी तिने एक वही आतापासूनच घालून ठेवली आहे, आणि शुभंकरोती ती पुन्हा म्हणू लागली आहे. काल तिने नवीनच काढले: सूर्य वर्षातून सहाच दिवस देवीच्या भेटीला येतो, मग बाकीचे दिवस देवी कुणाची वाट बघते? मी म्हटले, मला विचार करू दे, रविवारी बोलू.

आपली,
एक वाचक,
शुक्रवार पेठ, कोल्हापूर