मुक्ताच्या कॉम्प्युटर प्रवेशाबद्दल

पुणे, 22 जून

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

मुक्ताचा सीईटीचा निकाल कळला. तिचं अभिनंदन. तू विचारलंस की 94 पर्सेंटाइलवर लांबच्या एखाद्या नव्या कॉलेजात एआय-एमएल (मशीन लर्निंग) मिळत असेल तर घ्यावं, की सांगली-कोल्हापूरकडे जुन्या कॉलेजात साधं कॉम्प्युटर किंवा आयटी घ्यावं. माझं मत सरळ आहे. ब्रँचच्या नावासाठी एक रुपयाही जास्त मोजू नकोस, विभाग बघून घे. पहिलं वर्ष सगळ्यांना जवळपास सारखंच असतं. दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर्स, डिस्क्रीट मॅथ्स, ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग. मग डीबीएमएस (डेटाबेस), ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क. कॉम्प्युटर, आयटी, एआय-डीएस (डेटा सायन्स), नाव काहीही असो, गाभा बहुतेक ठिकाणी हाच. फरक पडतो तो तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या इलेक्टिव्हमध्ये, म्हणजे निवडीच्या विषयांत. माहितीपत्रकावर रोबोचा फोटो असला म्हणून तो रोबो लॅबमध्ये असतोच असं नाही.

विभाग बघायचा म्हणजे काय बघायचं ते सांगतो. तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या एआयसीटीईने 2024-25 पासून चांगल्या कॉलेजांसाठी एका ब्रँचमधल्या जागांची वरची मर्यादा काढली, त्यामुळे कॉम्प्युटरच्या तुकड्या भराभर वाढल्या. निकष 20 विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा आहे. समजा एका ब्रँचला 180 जागा आहेत. दुसऱ्या ते चौथ्या वर्षाची मिळून 540 मुलं झाली, म्हणजे 27 शिक्षक हवेत. कॉलेजच्या वेबसाइटवर विभागाची यादी असते, ती मोज. तीच नावं आयटीच्या आणि एआयच्या यादीतही दिसली तर समजून जा की तेच शिक्षक तिन्हीकडे मोजलेत. मग एनबीए, म्हणजे दर्जाचं मानांकन, बघ. नॅकचं मानांकन सबंध कॉलेजचं असतं, एनबीए एकेका ब्रँचचं. फाटकावर एनबीएची पाटी असते, पण ती मेकॅनिकलला मिळालेली असू शकते. दोन बॅचेस बाहेर पडल्याशिवाय ब्रँचला एनबीए मिळत नाही, म्हणून नव्या ब्रँचला ते नसणारच. तो दोष नव्हे, पण तपासायला हातात काही नाही हेही खरं.

प्लेसमेंटच्या फलकावर सर्वांत मोठं पॅकेज ठळक छापतात. ते सोड. विचार की मधला आकडा किती, आणि मोजलेल्या ऑफर आहेत की मुलं? एकाच मुलाला तीन ऑफर मिळाल्या तर फलकावर त्या तीन होतात. हे प्लेसमेंट ऑफिसरला विचारू नको, कॅन्टीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या पोरांना विचार. त्यांनाच हेही विचार की लॅब पाचनंतर उघडी असते का, आणि प्रॅक्टिकलची फाइल स्वतः लिहितात की सीनियरची उतरवतात. या दोन उत्तरांत विभाग कळतो.

आता कॅप, म्हणजे राज्याची सामायिक प्रवेश प्रक्रिया. कटऑफच्या यादीतली सांकेतिक अक्षरं नीट वाचायला शीक, कारण लोक चुकतात ते तिथेच. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींच्या 30 टक्क्यांतली जागा. मधली अक्षरं प्रवर्गाची. शेवटचं अक्षर एच असेल तर होम युनिव्हर्सिटी, ओ असेल तर बाहेरच्या विद्यापीठातले, एस असेल तर राज्यस्तर. होम युनिव्हर्सिटी ठरते ती बारावी जिथून झाली त्यावरून. मुक्ताची बारावी तासगावात झाली, म्हणजे तिचं होम युनिव्हर्सिटी शिवाजी विद्यापीठ. तीच बारावी लातुरात झाली असती तर नांदेडचं विद्यापीठ लागलं असतं, रेशनकार्ड तासगावचं असलं तरी. म्हणून, ती ओबीसीतून भरणार असल्याने, कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या कॉलेजांसाठी तिने एलओबीसीएच आणि जीओबीसीएचचे आकडे बघायचे; पुण्याच्या कॉलेजांसाठी शेवटी ओ असलेले. ते बहुतेक वेळा चढेच असतात. पुण्यातल्या वरच्या चार-पाच कॉलेजांत या पर्सेंटाइलवर कॉम्प्युटरची आशा धरू नका. मागच्या वर्षीचा कटऑफ हा अंदाज असतो, त्याला दोन्हीकडे दीड-दोन पर्सेंटाइलची मोकळीक ठेवा.

ऑप्शन फॉर्ममध्ये 300 पर्यंत पर्याय भरता येतात. क्रम लावायचा तो आवडीने, मिळण्याच्या शक्यतेने नव्हे. वर एखादं अवघड कॉलेज टाकल्याने खालचं हुकत नाही. मेरिटप्रमाणे वरून खाली बघत जातात आणि जिथे जागा असेल तिथे देतात. जपायचं ते ऑटो फ्रीजला, म्हणजे मिळालेली जागा आपोआप पक्की होण्याला. 2025 च्या नियमांत चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कुठलाही, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कुठलाही मिळाला तरी तेच. नाकारलं तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणजे 'असू दे, भरून ठेवू' म्हणून टाकलेलं नाव पहिल्या सहात नको. यंदाचं माहितीपुस्तक आलं की हा भाग आधी वाच, नियम वर्षागणिक बदलतात.

कागदपत्रांत नॉन-क्रिमीलेयरची मुदत 31 मार्चला संपते, कुठल्या वर्षाच्या ते बघ, मुदत संपलेलं चालणार नाही. जातवैधतेची नुसती पावती असेल तर मूळ प्रमाणपत्र मुदतीत दाखवावं लागतं, नाहीतर मूल खुल्या प्रवर्गात ढकललं जातं आणि हातातली जागा जाते. उत्पन्नाचा दाखलाही आत्ताच काढ. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसीच्या मुलींना जुलै 2024 च्या शासन निर्णयाने शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण ते कॅपमधून घेतलेल्या प्रवेशाला. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर ही माफी विसरा. कॅपमधूनही डेव्हलपमेंट फी, वसतिगृह, मेस हे तुमच्याच खिशातून. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर दरवर्षी नव्याने अर्ज करावा लागतो, आणि मुलीचं बँक खातं आधारला जोडलेलं नसलं की पैसे अडकतात.

आणि इंजिनिअरिंगच पाहिजे असं काही नाही, हे वहिनींना आवर्जून सांग. आपल्याकडे ज्याला सगळे बीसीएस म्हणतात त्या बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सची फी खूप कमी, कोडिंग पहिल्याच वर्षी सुरू आणि डोक्याला इंजिनिअरिंग ड्रॉइंग नाही. पुढे दोन वर्षांचं एमसीए. त्यासाठी राज्याची सीईटी आहे, शिवाय एनआयटींसाठी निमसेट. निमसेटच्या 120 प्रश्नांत 50 गणिताचे असतात, त्यामुळे गणित सुटता कामा नये. तीन अधिक दोन अशी पाच वर्षं लागतात, पण सुमार इंजिनिअरिंग कॉलेजपेक्षा हा रस्ता मला बरा वाटतो. बीसीएच्या प्रवेशालाही 2024 पासून वेगळी सीईटी लागते, ती तिने दिली नसेल तर तो विषय यंदापुरता बाजूला ठेव. इंजिनिअरिंग किंवा एमसीए झाल्यावर केंद्र सरकारच्या सीडॅक संस्थेचा सहा महिन्यांचा डॅक कोर्स आहे, सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन. पुण्यात त्याला अजून मान आहे.

लॅपटॉपचं विचारलं होतंस. रॅम 16 जीबी, एसएसडी 512 जीबी, मधल्या दर्जाचा प्रोसेसर. ग्राफिक्स कार्डवर पैसे घालू नको, मशीन जड होतं आणि बॅटरी दोन तासांत बसते. त्यावर विंडोजच्या बाजूला लिनक्स ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाकून घ्यायला सांग. टाकताना पार्टिशन (डिस्कची वाटणी) चुकलं तर डेटा जातो, म्हणून ते पहिल्याच आठवड्यात करावं, मशीन रिकामं असताना.

आता खरा मुद्दा, ती चार वर्षं काय करणार? एआय कोड लिहून देतं, मग या पोरांना नोकऱ्या राहतील का, असं तू विचारलंस. नवख्यांना पूर्वी जी किरकोळ कामं मिळायची ती कमी झाली आहेत, हे खरं. म्हणून मुलाखतीत आता लिहिलेला कोड समोर ठेवून विचारतात की हा का चुकतोय, हा का मंदावलाय. एक प्रश्न नमुन्यादाखल सांगतो. ग्राहकांच्या टेबलात 10 लाख ओळी आहेत, मोबाइल नंबरावर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) आहे, तरी शोधायला वेळ लागतो. का? मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये नंबर मजकूर म्हणून साठवला असेल आणि क्वेरीत, म्हणजे शोधाच्या आज्ञेत, अवतरणचिन्हांशिवाय, आकडा म्हणून दिला असेल, तर प्रत्येक ओळीतला मजकूर आकड्यात बदलून तुलना करावी लागते. इंडेक्स पडून राहतो आणि सगळं टेबल वाचलं जातं. दोन अवतरणचिन्हं घातली की काम झालं. ज्याने क्वेरीपुढे एक्स्प्लेन लिहून आत काय चाललंय ते बघायची सवय लावली आहे, त्याला हे दोन मिनिटांत सापडतं. पाठ केलेल्याला सापडत नाही.

ही सवय लागायला स्वतःचं एक खरं काम हवं. शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट दुकानात तयार मिळतात, रिपोर्टच्या बाइंडिंगसकट. त्याच्या वाट्याला जाऊ नये. तिला सांग, तुमच्या गल्लीतल्या दूध संकलन केंद्राचा हिशेब लिहून दे. सोपं वाटतं. सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाचं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), दरपत्रकात 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला एक दर, त्यावर-खाली प्रत्येक पॉइंटला वेगळा; दहा दिवसांनी बिल, त्यातून पशुखाद्य आणि उचल वजा. आता बघ यात काय काय अडतं. रक्कम फ्लोट या दशांशाच्या प्रकारात साठवली की कॉम्प्युटरला 0.1 अधिक 0.2 म्हणजे 0.30000000000000004 दिसतं, कारण बायनरीत 0.1 नेमकं बसतच नाही. दहा दिवसांच्या बेरजेत पैशाचा फरक निघू शकतो आणि गवळी तो बरोबर पकडतो. म्हणून रक्कम पूर्णांकात, रुपयांऐवजी पैशांत साठवायची. दर मध्येच बदलला तर जुनी बिलं नव्या दराने निघता कामा नयेत, म्हणजे दराला तारीख हवी. नोंद करताना लाइट गेली तर दूध जमा आणि रक्कम गायब असं होऊ नये, म्हणजे ट्रान्झॅक्शन (नोंद पूर्ण झाली तरच धरायची, नाहीतर सगळीच रद्द) हवं. एकाच नावाचे दोन पाटील असतातच, म्हणजे नावावर नाही, सभासद क्रमांकावर चालायचं. डीबीएमएसचं निम्मं पुस्तक यात येतं. आणि हे सगळं पहिल्या दिवसापासून गिटमध्ये, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या साधनात, ठेवावं, म्हणजे मुलाखतीत काय चुकलं आणि कसं सुधारलं ते दाखवता येतं. एआयची मदत घेऊ दे, पण जी ओळ समजावून सांगता येत नाही ती ठेवायची नाही.

पहिल्या वर्षी सी भाषा नीट. पॉइंटर (मेमरीतला पत्ता) कळेपर्यंत पुढे जाऊ नये. डीबगर लावून मेमरीत काय बदलतं ते डोळ्यांनी बघावं. दुसऱ्या वर्षी लिंक्ड लिस्ट आणि हॅश टेबल लायब्ररी न वापरता एकदा स्वतः लिहावं. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. शिकवणारा कच्चा असेल तर तिथे बघ म्हणावं. एआयमध्येच जायचं असेल तर लिनिअर अल्जेब्रा आणि संभाव्यता आत्तापासून पक्कं करावं, मॉडेल नंतर. एटीकेटी राहू देऊ नये. बऱ्याच कंपन्या दहावी, बारावी, पदवी तिन्हीत 60 टक्के आणि एकही विषय राहिलेला नाही अशी चाळणी लावतात, आणि ती मुलाखतीच्या आधीच लागते.

नोकरी लागल्यावरचा हिशेबही सांगून ठेवतो. 3.6 लाखांचं पॅकेज म्हणजे महिना 30,000 हातात नव्हेत. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा भाग) आणि विमा धरलेला असतो; शिवाय आपल्या वाट्याचा पीएफ कापतात. हातात 23-24 हजार येतात. पुण्यात भाडं, मेस आणि हिंजवडीचं येणं-जाणं यांत त्यातले निम्म्याहून जास्त जातात. बॉन्ड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) असेल तर रक्कम आणि महिने वाचून सही करावी, मूळ मार्कलिस्ट कुणाकडेही ठेवू नये. नोकरीसाठी पैसे मागणारा फसवाच समज. दोन वर्षांचा खोटा अनुभव लावून देतो म्हणणारेही भेटतात. पडताळणीत यूएएन या पीएफ क्रमांकावरचा इतिहास मागतात आणि तिथे सगळं उघडं पडतं.

सध्या एवढं कर. येत्या आठवड्यात मुक्ताला घेऊन तीन कॉलेजं बघून ये, तेही कामाच्या दिवशी, म्हणजे लॅब चालू दिसतील. मग तिने स्वतः वीस-पंचवीस पर्यायांची यादी करावी, तू नव्हे. कन्फर्म करण्याआधी मला पाठवा. फॉर्म भरून कन्फर्म न केलेला धरत नाहीत, तेव्हा शेवटच्या रात्रीवर ठेवू नका, सर्व्हर बसतो. कॅफेत भरलात तर पासवर्ड तिथे ठेवू नका आणि ओटीपी तुझ्याच मोबाइलवर येईल असं बघ.

वहिनींना नमस्कार, मुक्ताला आशीर्वाद.

तुझा,
श्रीपाद