डमी लोड पाठव

नागपूर

प्रिय मित्रा,

पत्र नाही, फोन नाही, घाल शिव्या. बीपीची गोळी चालू आहे, गुडघा आहे तसाच. आजही अडलं म्हणूनच लिहितोय.

आपल्या कम्युनिटी रेडिओ केंद्रावरच्या पोट्ट्यांचा फोन आला. मृगाचा पहिला पाऊस पडला आणि रिफ्लेक्टेड पॉवर, म्हणजे अँटेनातून बाहेर न पडता परत येणारी, २ वॅटवरून ५ वर गेली. संध्याकाळी ट्रान्समीटरनं आपणहून पॉवर उतरवली. हिंगण्याकडे नुसती खरखर. आणि समितीचं ठरलं, नवा ट्रान्समीटर घ्यायचा! दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणेल, घेऊ दे ना बापा.

५० वॅटमधले २ परत आले तर एसडब्ल्यूआर, म्हणजे या परतीचं माप, दीड, चालून जातं. ५ आले की जवळजवळ २. पण परत येणारी पॉवर ट्रान्समीटरच्या पुढे काहीतरी बिघडलंय एवढंच सांगते. त्याला बदलून काय होणार? परवाना १०० वॅट ईआरपीचा (अँटेनाचा जोर धरून हवेत जाणारी पॉवर), म्हणजे नवाही ५० वॅटचाच येणार.

तू म्हणशील अँटेना. लाइट गेली तरी तू अँटेनाच म्हणायचास. पण ऐक, दुपारी ऊन पडलं की काटा खाली येतो, रात्री पुन्हा चढतो. अँटेनाचा डायपोल, म्हणजे दांडा, वाकला असता तर त्यानं ऊन-सावली पाहिली नसती. वर अँटेनाला केबल जोडणाऱ्या एन कनेक्टरमध्ये पाणी आहे, पैज लाव. त्याला नुसती काळी पीव्हीसी टेप गुंडाळलीय म्हणे. नवतप्यात तिचा गोंद वितळतो, टेप सैल पडते आणि पहिल्याच सरीत पाणी आत. आधी सेल्फ-अमाल्गमेटिंग, म्हणजे स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबर टेप चांगली ताणून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा घेत, खालून वर गुंडाळायची, म्हणजे पाणी कौलांवरून ओघळावं तसं बाहेरच जातं. तिच्यावर उन्हासाठी पीव्हीसी. कनेक्टरखाली केबलला एक झोल द्यायचा, थेंब तिथून गळतो.

पाणी केबलच्या आतल्या तारांच्या जाळीत शिरलं असेल तर वरून सुकवून भागत नाही. तांबं चमकेपर्यंत टोक कापत यावं लागतं. खरं तर आता ही आरजी-२१३ केबल काढूनच टाकावी. धडधाकट असली तरी ३० मीटरमध्ये २ डेसिबल खाते, ५० वॅटमधले वर ३१-३२ पोचतात. अर्ध्या इंची फोम केबलनं ४३ पोचतील. खर्च करायचाच असेल तर इथे करा ना!

अजून एक ऐक आणि खुर्ची धरून बस. ट्रान्समीटरच्या खोलीत कूलर लावलाय. ओली हवा आणि गवताचा भुसा थेट पंख्याच्या जाळीत! एसी बंद पडला तर दार उघडा, एक्झॉस्ट लावा, पण कूलर? आपल्याकडे स्टुडिओतही रेकॉर्डिंगला कूलर बंद म्हणजे बंद. मे महिन्यातल्या दुपारी मावश्या घामाघूम होऊन ओव्या म्हणायच्या आणि तू काचेपलीकडून हात हलवायचास, ‘प’ फुटला, पुन्हा म्हणा. माइक तोंडासमोरून बाजूला घेऊन तिरका ठेवला की प-फ फुटत नाहीत, हे मावश्यांना तुझ्याआधी कळलं होतं. काय दिवस होते बे.

तर पोट्ट्यांना तपासणी अशी सांगितलीय. ट्रान्समीटर बंद केल्याशिवाय कनेक्टरला हात लावायचा नाही, चालू असताना उघडला तर ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. आधी खालीच ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी पॉवर पिऊन घेणारा रोध, लावायचा. काटा शून्याजवळ आला की ट्रान्समीटर सुटला. मग तोच लोड वर नेऊन अँटेनाच्या जागी लावायचा. रिफ्लेक्शन दिसलं तर केबल किंवा कनेक्टर, नाही दिसलं तर बहुतेक अँटेना, आणि तर्री पोहा माझ्याकडून. वर किती वॅट पोचतात तेही मोजायचं, कारण भिजलेली केबल पॉवर पिऊन बसते आणि खालचा मीटर गोड दिसतो.

घराचं काम झालं का? पोरीला हवं ते कॉलेज मिळो. वहिनींना नमस्कार.

आणि १०० वॅटचा डमी लोड तुझ्याकडेच राहिलाय, नाही म्हणू नको. उद्याच कुरिअर कर, समितीची बैठक शनिवारी आहे.

तुझाच