पक्ष बदला, पण आधी मतदारांना विचारा

महोदय,

21 ऑगस्ट 2025 रोजी आमच्या मडगावचे आमदार दिगंबर कामत यांनी गोव्याचे मुख्यमंत्री डॉ. प्रमोद सावंत यांच्या भाजप मंत्रिमंडळात शपथ घेतली. त्यांच्याबरोबर शपथ घेणारे रमेश तवडकर तोवर विधानसभेचे सभापती होते. कामत यांच्यासह काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेलेल्या आमदारांना अपात्र ठरवा, ही मागणी 2024 मध्ये याच तवडकरांनी फेटाळली होती. यात काहीही बेकायदा नाही, आणि माझी खरी तक्रार तीच आहे. पक्षांतर झाले की आपण चार दिवस त्या माणसाला बोल लावतो. ज्या कायद्याने त्याला वाट करून दिली तो मात्र जसाच्या तसा राहतो.

कामत यांची कारकीर्द मडगावकरांनी जवळून पाहिली आहे. 1994 मध्ये भाजपचे पहिले चार आमदार गोवा विधानसभेत पोहोचले: पणजीतून मनोहर पर्रीकर, मडकईतून श्रीपाद नाईक, वाळपईतून नरहरी हळदणकर आणि मडगावातून कामत. तेव्हापासून मडगावने त्यांना एकदाही पाडलेले नाही. पर्रीकरांच्या सरकारात ते वजनदार मंत्री होते. 2004 मध्ये इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आला तेव्हा पणजी सजवण्याच्या धावपळीत ते आघाडीवर होते. पुढे 2007 ते 2012 अशी पाच वर्षे ते काँग्रेसचे मुख्यमंत्री राहिले. ज्या राज्याने नव्वदच्या दशकात वर्षा-दोन वर्षांनी मुख्यमंत्री बदललेले पाहिले, तिथे आघाडी सांभाळून पूर्ण मुदत काढणे सोपे नव्हते. मडगावचे रवींद्र भवन त्यांच्याच काळात सुरू झाले. माणूस मितभाषी, लोकांत मिसळणारा. दिगंबरबाबांकडे काम घेऊन गेलेल्याला त्याचा पक्ष कोणता हे विचारले जात नाही, असे विरोधकही सांगतात.

त्यांच्या दोन पक्षांतरांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. 2005 च्या आरंभी त्यांनी भाजप सोडला तेव्हा आमदारकीचाही राजीनामा दिला. पर्रीकर सरकार त्यातून अडचणीत येऊन गेले, राज्यात राष्ट्रपती राजवटही आली. भाजपच्या कार्यकर्त्यांचा तो राग अनेक वर्षे टिकला. तरीही त्याच वर्षी पोटनिवडणूक झाली, कामत काँग्रेसचे उमेदवार म्हणून मडगावकरांसमोर उभे राहिले आणि निवडून आले. ज्यांना ते पटले नाही त्यांना विरोधात मत देता आले. हेतूवर शंका घेता येईल, पण शेवटचा शब्द मतदाराचा होता.

मधल्या काळातली एक गोष्ट विसरता कामा नये. जुलै 2019 मध्ये काँग्रेसच्या 15 पैकी 10 आमदारांनी भाजपची वाट धरली. जे पाच राहिले त्यांत कामत होते आणि पुढे विरोधी पक्षनेतेही तेच झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या (मगो) तीनपैकी दोन आमदार असेच गेले होते. या बाराजणांपैकी 2022 मध्ये पुन्हा निवडून आले ते फक्त तिघे. पक्ष बदलून भाजपमध्ये गेलेले उपमुख्यमंत्री बाबू आजगावकर तर कामत यांच्याच विरोधात मडगावात उभे होते. मडगावने त्यांना नाकारून कामत यांना आणले. मतदार पक्षांतर विसरतो, असे म्हणणाऱ्यांनी हा निकाल पाहावा.

त्या निवडणुकीआधी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या खुरसापाशी (क्रॉसपाशी) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. कामत त्यांत होते. निकालानंतर सहा महिन्यांनी, 14 सप्टेंबर 2022 रोजी, काँग्रेसचे 11 पैकी 8 आमदार भाजपमध्ये गेले. कामत त्यांतही होते. आपण पुन्हा देवळात गेलो, देवाला विचारले आणि तुला योग्य वाटेल ते कर असे देवाने सांगितले, असा खुलासा त्यांनी केला. त्यांच्या श्रद्धेवर मी एक शब्द बोलणार नाही. पण 2005 मध्ये ज्या मडगावकरांना त्यांनी विचारले, त्यांना 2022 मध्ये विचारले नाही. मला सगळ्यात जास्त लागले आहे ते हे.

मतदारांना विचारण्याची गरज का पडली नाही? 1985 च्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीसाठी राज्यघटनेत दहावे परिशिष्ट आणले. तेव्हा एक तृतीयांश आमदार फुटले तर ती फूट मान्य होती. ही पळवाट 2003 मध्ये बंद झाली, पण विलीनीकरणाची सवलत राहिली. मूळ पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन झाला आणि विधिमंडळ पक्षाच्या दोन तृतीयांश सदस्यांनी त्याला मान्यता दिली तर ते अपात्र ठरत नाहीत, असा परिच्छेद 4 चा साधा अर्थ कोणीही लावील. 2019 च्या प्रकरणात मात्र मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 24 फेब्रुवारी 2022 रोजी दोन तृतीयांश आमदारांची संमती पुरेशी मानली. मतदान आटोपले होते, निकाल यायचा होता. पुढच्या सप्टेंबरमध्ये काय घडले ते सांगितलेच आहे. काँग्रेस पक्ष देशभर होता तिथेच होता, विलीन झाले ते आठ आमदार.

40 सदस्यांच्या सभागृहात ही अट किती हलकी होते ते पाहा. तिघांच्या पक्षातून दोघे, अकरांतून आठ. ज्या मोठ्या गटाला रोखायला हवे, त्यालाच कायद्याचे संरक्षण आहे आणि एकटा गेलेला तेवढा अपात्र ठरतो.

वारंवार पोटनिवडणुका परवडत नाहीत, असे कोणी म्हणेल. राजीनामे देऊनही सरकारे पाडली जातात हे कर्नाटकात 2019 मध्ये दिसलेच. हे दोन्ही मला मान्य आहे. तरी विश्वजीत राणे 2017 मध्ये काँग्रेस सोडताना आमदारकीचा राजीनामा देऊन वाळपईत पुन्हा निवडून आले. दयानंद सोपटे आणि सुभाष शिरोडकर यांनीही तीच वाट धरली. त्यांच्या निर्णयाशी मी सहमत नाही, पण त्यांच्या मतदारांना त्यावर मत देता आले.

म्हणून गोव्याच्या तिन्ही खासदारांकडे, ते कोणत्याही पक्षाचे असोत, माझी मागणी आहे की परिच्छेद 4 रद्द करण्याचा प्रस्ताव संसदेत मांडा. अपात्रतेचा निर्णय सभापतींऐवजी स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे देण्याचा विचार करा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये मणिपूरच्या प्रकरणात संसदेला सुचवले होते. तेही त्याच प्रस्तावात घ्या. आणि 2027 च्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, कामत यांनासुद्धा, मडगावकरांनी एवढेच विचारावे: पक्ष सोडायची वेळ आली तर आमदारकी आधी सोडणार का?

आपला,
मडगावचा एक मतदार