मंगळ गार का आणि शुक्र भट्टी का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के, तो काय पृथ्वी तापवणार? मंगळावर तर ९५ टक्के आहे, तरी तो गारठलेलाच!’ असा मजकूर सध्या मोबाइलवर फिरतो आहे. माझ्या दोन जुन्या विद्यार्थ्यांनी तो मलाच पाठवला, म्हणून हे पत्र.

कोरड्या हवेचा ९९ टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा. जमिनीतून वर जाणारी उष्णता हे दोन्ही वायू जवळपास अडवतच नाहीत. अडवतात ते पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन यांसारखे थोडेथोडके घटक. ते नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान १५ अंशांऐवजी उणे १८ च्या आसपास असतं. आमच्या निफाडच्या द्राक्षबागायतदाराला हे वेगळं सांगायला नको. थंडीत आभाळ भरून आलं की त्याला रोगाची धास्ती असते, गारठ्याची नाही. आभाळ मोकळं झालं की मात्र पहाटे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. जमिनीची ऊब ढगांनी अडवली की निसटली, एवढाच फरक!

आता मंगळ. तिथल्या दर चौरस मीटरवर आपल्यापेक्षा जास्तच कार्बन डायऑक्साइड आहे, हे मान्य करायलाच हवं. पण हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी. इतक्या विरळ हवेत हा वायू उष्णतेचे अगदी अरुंद पट्टेच शोषू शकतो. हवा दाट असली की रेणू एकमेकांवर आदळत राहतात आणि ते पट्टे रुंदावतात. त्यात मंगळावर वाफ नगण्य, ऊनही आपल्या निम्म्याहून कमी.

शुक्राचं नाव त्या मजकुरात नाही, याचं मला फार वाईट वाटलं. शुक्र सूर्यापासून बुधाच्या जवळपास दुप्पट लांब. त्याचे ढग तीन चतुर्थांश ऊन परतवून लावतात, म्हणजे तो पृथ्वीपेक्षाही कमी ऊन शोषतो. तरी जमिनीवर ४६० अंश, आणि रात्रीही तेवढेच! बुधावर भर दुपारीसुद्धा इतकं तापत नाही. कारण ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली, आपल्या ९० पट दाबाची हवा. १९८२ मध्ये तिथे उतरलेलं सोव्हिएत यान व्हेनेरा-१३ दोन तासांच्या थोडं वर टिकलं.

पृथ्वीचा शुक्र होईल, असं मी म्हणत नाही. पण कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे २८० भाग होते, ते आज ४२० च्या वर गेले आहेत. आपण कोळसा आणि तेल जाळलं त्याचा हा हिशेब.

हे सारं त्या दोघांना कळवलं. एकाने विचारलं, ‘सर, सूर्यच जास्त तापत असेल तर?’ तसं असतं तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात जमीन तापते आहे आणि वरचं स्थितांबर थंड होत चाललं आहे.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, निफाड (जि. नाशिक)