लेखापरीक्षकांवरील देखरेख स्वतंत्रच हवी

माननीय संपादक महोदय,

लेखापरीक्षकांच्या शिस्तीचा प्रश्न त्यांच्या व्यवसायसंस्थेवर सोपवावा की त्यासाठी स्वतंत्र वैधानिक प्राधिकरण असावे, हा वाद अधूनमधून डोके वर काढतो. ‘सत्यम’ या सॉफ्टवेअर कंपनीतील हिशेब-घोटाळ्याच्या प्रकरणाने त्याचा निकाल केव्हाच लावला आहे, असे मला वाटते. ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीच्या अध्यक्षांनीच ताळेबंदातील रोकड व बँकशिल्लक सुमारे ५,०४० कोटी रुपयांनी फुगवल्याची कबुली दिली. तोवर त्या ताळेबंदांवर लेखापरीक्षकांच्या सह्या होतच राहिल्या होत्या. बँकेतील शिल्लक लेखापरीक्षकाने थेट बँकेकडून पडताळून घ्यायची, कंपनीने आणून दिलेल्या कागदावर विसंबायचे नाही, हा या कामातला अगदी प्राथमिक नियम आहे आणि नेमका तोच तिथे पाळला गेला नाही.

ज्याचे हिशेब तपासायचे त्याच्याकडूनच शुल्क घ्यायचे, ही अडचण या व्यवसायाच्या रचनेतच आहे. नेमणूक कायद्याने भागधारक करतात, पण नाव संचालक मंडळाकडून येते. म्हणूनच २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३२ नुसार १ ऑक्टोबर २०१८ रोजी स्थापन झालेले राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण आवश्यक होते. दोषी लेखापरीक्षकाला ६ महिन्यांपासून १० वर्षांपर्यंत कामापासून दूर ठेवण्याचा अधिकार त्याला आहे.

मात्र अधिकार जितका कठोर, तितकी त्याची कार्यपद्धती निर्दोष असली पाहिजे. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कलम १३२ वैध ठरवले, परंतु ज्यांनी लेखापरीक्षणाच्या दर्जाची तपासणी केली त्यांनीच शिस्तभंगाची कारवाई सुरू केल्याने त्या प्रकरणांतील कारणे दाखवा नोटिसा रद्द केल्या. हे न्यायालयाला सांगावे लागले, याचे दुःख होते. तपासणारे आणि निवाडा करणारे अधिकारी वेगळे असणे ही साधी न्याय्य अपेक्षा आहे, आणि ती पाळली नाही तर खरोखर दोषी असलेला लेखापरीक्षकही केवळ प्रक्रियेतील त्रुटीच्या आधारे सुटू शकतो.

दुसरी उणीव मला अधिक गंभीर वाटते. शेअर बाजारात सूचिबद्ध असलेल्या कंपन्या आणि भांडवल, उलाढाल किंवा कर्जाच्या ठरावीक मर्यादेवरील असूचिबद्ध सार्वजनिक कंपन्या प्राधिकरणाच्या कक्षेत येतात. खासगी मर्यादित कंपनी मात्र, तिच्यावर बँकांचे कितीही कर्ज असले तरी, केंद्र सरकारने प्रकरण खास सोपवल्याशिवाय सर्वसाधारणपणे कक्षेबाहेर राहते. सरकारी बँकांनी दिलेला पैसा ठेवीदारांचाच असल्याने, कंपनीचा कायदेशीर प्रकार कोणता यापेक्षा तिने घेतलेल्या कर्जाचा आकार पाहून ही कक्षा ठरवली जावी. त्यासाठी प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांत दुरुस्ती करावी, अशी केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाला माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक