ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांची यादी १५ ऑगस्टलाच व्हावी

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : बीड जिल्हा परिषदेच्या शाळांचे येत्या वर्षातील प्राधान्यक्रम

महोदय,

नव्या शैक्षणिक वर्षाचे नियोजन सुरू झाले की वर्गखोल्यांची दुरुस्ती, डिजिटल फळे, रंगरंगोटी हे विषय आपसूक यादीच्या वर जाऊन बसतात. त्यांची गरज मी नाकारत नाही. मात्र धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या आमच्या डोंगरपट्ट्यातील शाळांचे वर्ष दिवाळीच्या आगेमागे दुभंगते, कारण साखर कारखान्यांच्या गाळप हंगामासाठी ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात आणि त्या टोळ्यांबरोबर पटावरची मुलेही निघून जातात. येत्या वर्षी ही गळती थांबवणे हेच पहिले काम मानावे, एवढ्यासाठी एका गावातील शाळा व्यवस्थापन समितीचा पालक सदस्य म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आई-वडील तोडीला गेले तरी मूल गावातच राहावे, यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे आणि ती चांगली आहे. तिचे घोडे अडते ते वेळेवर. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांचे सर्वेक्षण, प्रस्ताव, केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी यांची पडताळणी, मंजुरी आणि मग निधी हा प्रवास पुरा होईतो ट्रक गावातून केव्हाच गेलेले असतात. आणि एकदा कोपीवर, म्हणजे तोडीच्या ठिकाणच्या झोपडीवर, पोहोचलेले मूल वसतिगृह सुरू झाले म्हणून कोणी दोन-तीनशे किलोमीटरवरून परत आणून सोडत नाही. ज्या गावांत वसतिगृह सुरू होते तिथेही पहिले काही आठवडे समितीने किराणा उधारीवर उचलायचा, दुकानदाराने तोंड वाकडे केले की मुख्याध्यापकांनी पदरचे पैसे भरायचे आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईंच्या मानधनाला ‘पुढच्या महिन्यात’ म्हणायचे, असा प्रकार चालतो.

वास्तविक सर्वेक्षणासाठी हंगाम तोंडावर येण्याची वाट पाहायचे कारणच नाही. मुकादमाची उचल, म्हणजे टोळी जमवणाऱ्याकडून मजुरीपोटी मिळणारी आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच घेतली जाते. कोणत्या घरातला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, कोणत्या मुकादमाकडे लागला, हे १५ ऑगस्टपर्यंत गावात बहुतेकांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते कागदाला. म्हणून स्थलांतरित होणाऱ्या मुलांची यादी त्या दिवशीच्या ग्रामसभेत नावानिशी वाचून कायम करावी. वसतिगृहांच्या पटात खोटी नावे घुसवली जातात, हा आक्षेप आपल्या खात्यानेही ऐकला असेल. जाहीर वाचनाने त्यालाही बऱ्यापैकी आळा बसेल, कारण न जाणाऱ्या घरातील मुलाचे नाव निघाले तर शेजारीच उठून बोलेल.

मुलींचा प्रश्न याहून अवघड आहे. दोन वेळचे जेवण शाळेत आणि झोपायला आजीकडे, ही व्यवस्था मुलग्यांच्या बाबतीत कशीबशी चालते. दहा-बारा वर्षांच्या मुलीला थकलेल्या आजीच्या भरवशावर सोडायला आई तयार होत नाही. ती तिला सोबत नेते, आणि मग उसाच्या फडात आई मोळ्या बांधत असताना धाकट्याला कडेवर घेऊन बसणे हीच त्या मुलीची पाचवीची इयत्ता होते. रात्रीच्या मुक्कामाची पक्की खोली, कडीकोयंड्याचे स्वच्छतागृह आणि गावातलीच एक महिला काळजीवाहक, एवढे असले तर पुष्कळ आया विचार बदलतील.

तरीही काही मुले जाणारच. जातील तिथल्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून त्यांना शिक्षण हमी कार्ड दिले जाते, पण बेळगाव भागात कन्नड शाळेच्या दारात ते मराठी कार्ड काय कामाचे, याचा विचार झालेला दिसत नाही.

शिक्षण हक्क कायद्याचे कलम ९ स्थलांतरित कुटुंबांतील मुलांच्या प्रवेशाची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकते, आणि तिसरीपर्यंतच्या मुलांना पायाभूत वाचन व गणित यावे, यासाठीच्या निपुण भारत अभियानाची मुदत २०२६-२७ आहे. पाच महिने शाळेबाहेर असलेल्या तिसरीच्या मुलाची चाचणी घेऊन कोणाचे कौशल्य मोजले जाणार?

तेव्हा सप्टेंबरअखेर मंजुरी, पहिल्या दोन महिन्यांचा निधी समितीच्या खात्यात आगाऊ आणि पहिली टोळी निघण्यापूर्वी वसतिगृह सुरू, असे लेखी वेळापत्रक आपण जिल्हा परिषदेला जूनमध्येच द्यावे, ही विनंती. डिजिटल फळे त्यानंतर आले तरी आमची तक्रार नाही.

आपला विश्वासू,
शाळा व्यवस्थापन समितीचा एक पालक सदस्य,
जिल्हा बीड